चादरीचं दुसरं टोक

आमच्याकडे दूध फार वेळा उतू जातं. बायको गॅससमोरच उभी असते. दूध वर येताना तिला दिसत असतं, तरी ती मागे वळून मला विचारते, "अहो, दूध वर आलंय ना?" मी पेपर खाली ठेवतो, चष्मा सावरतो, आणि हो म्हणेपर्यंत दूध ओट्यावर आलेलं असतं. भिंतीवर पाल दिसली तरी ती विचारते, पाल आहे ना हो तिथे? दाराची बेल वाजली की विचारते, बेल वाजली ना? सून ओटा पुसते. तिला वाटतं, सासूबाईंचं वय झालं.

वयाचा काही संबंध नाही. मुलगा कॉलेजात होता तेव्हापासून हे चालू आहे आणि ते माझ्यामुळे झालेलं आहे. कसं झालं तेवढं मला लिहून ठेवायचं आहे. आता थकलो आहे, फार सजवून लिहिणं जमणार नाही. सजवण्यासारखं त्यात काही नाहीही.

मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. मशीनवरून सुटे भाग यायचे, ते मोजायचे आणि त्यांना चिठ्ठी बांधायची. बरोबर असेल तर हिरवी, चुकलेला असेल तर लाल. तिसरी एक पिवळी चिठ्ठी असायची. मापं घेऊनही ज्याचं नक्की सांगता येत नाही, किंवा जे मोजायचं साधनच आपल्याकडे नाही, अशा मालाला पिवळी चिठ्ठी लावून वेगळ्या रॅकवर ठेवायचं. तो पुढे पाठवायचा नाही आणि भंगारातही टाकायचा नाही. नव्याने लागलेल्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो, पिवळी चिठ्ठी लावायला लाजू नका. आपल्याला कळलेलं नाही हे कबूल करायला जो लाजतो, त्याने दुसरं खातं बघावं. मुलं मान डोलवायची. मला माझंच बोलणं आवडायचं.

कारखान्याबाहेरचा माझा वेळ विज्ञान मंडळात जायचा. अंबरनाथ पूर्वेला एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण जमायचो. एक जुनी दुर्बीण होती, ती कधी कधी शाळांमध्ये न्यायचो, मुलांना चंद्रावरचे खड्डे दाखवायचो. भाषणं बहुतेक मीच करायचो. भानामती, पत्रिका, मंगळ असलेल्या मुली, असे विषय असायचे. पण त्या काळात टीव्हीवर रोज रात्री कुठे ना कुठे उडती तबकडी उतरत होती, आणि लोकांना तेच ऐकायचं असायचं. त्यामुळे "परग्रहावरचे पाहुणे" हे माझं भाषण सगळ्यात जास्त चाललं.

त्यात मी सांगायचो की एवढ्या मोठ्या विश्वात दुसरीकडे कुठेच जीव नसेल असं समजायला काही आधार नाही. असेल. विचार करणारा जीवसुद्धा असेल. पण ताऱ्यांमधली अंतरं अशी आहेत की उजेडालाही इथवर यायला वर्षं लागतात. एवढा प्रवास करून कोणी आलंच, तर अंबरनाथच्या पाण्याच्या टाकीवर एक घिरटी घालून, कोणाशी काही न बोलता परत कशाला जाईल? इथे लोक हसायचे. त्या जागी मी थोडा थांबायचो, हसू पुरतं होऊ द्यायचो.

लोकही कमी नव्हते. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये गणपतीच्या मांडवात भाषण होतं, तेव्हा मिक्सरचे पार्ट विकणारे एक सिंधी दुकानदार उठले. म्हणाले, "साब, मान लिया कोई आता नहीं. पण समजा आले आणि गाडी बिघडली, तर पार्ट कुठे मिळणार? इधरीच. दो दिन में बनाके देंगे, ओरिजिनल से अच्छा." सगळा मांडव हसला. बदलापूरकडच्या एका गावात एक आगरी म्हातारे म्हणाले, "मास्तर, आमचे शेतान उतरली तं उतरूं द्या. पन बिल्डरच्या आधी येवाला पायजे, नायतं उतरवाला जागाच नाय रवाची." मी मास्तर नव्हतो, पण खडू हातात घेऊन बोलणारा माणूस तिकडे मास्तरच.

हे सगळं मी घरी येऊन बायकोला सांगायचो. ती ब्लाउज शिवत असायची. दोन बिल्डिंगमधल्या बायकांचे ब्लाउज तिच्याकडे असायचे, आणि एकदा अंगाला टेप लावली की दुसऱ्यांदा बोलवावं लागत नाही अशी तिची ख्याती होती. मशीन न थांबवता ती ऐकायची आणि म्हणायची, "तुमची भाषणं बरी असतात. पण तुम्ही लोकांना फार लवकर गप्प करता."

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. घरातल्या सगळ्या चादरी, अभ्रे, पडदे धुवायला काढलेले. आमची तीन मजल्यांची बिल्डिंग होती, गच्ची सगळ्यांना मोकळी. दिवस मावळला होता, अजून पुरता अंधार पडायचा होता. वाळलेले कपडे काढायला आम्ही दोघं वर गेलो होतो. गच्चीवर तेव्हा दुसरं कोणी नव्हतं.

डबलबेडची मोठी चादर एकट्याने घडी होत नाही. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. चादर ताणायची, झटकायची, मग दोघांनी एकमेकांकडे चालत येऊन टोकाला टोक लावायचं. लग्न झाल्यापासून करत आलेलं काम, त्यात बोलावं लागत नाही. ती मलंगगडाकडे तोंड करून उभी होती, माझी तिकडे पाठ. चादर झटकून झाली आणि मी पुढे निघालो, पण ती जागची हलली नाही. हळू आवाजात म्हणाली, "अहो, मागे बघा."

मी वळून बघितलं. डोंगराच्या वर, फार उंच नाही, एक लांबट उजेड होता. त्याला आकार होता, म्हणजे तारा नव्हे. तो एका जागी उभा होता आणि आवाज अजिबात नव्हता, म्हणजे विमान नव्हे. मग तो आमच्या बाजूला सरकू लागला, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे येऊन थांबला, आणि कंदिलाची वात कोणी हळूहळू खाली करावी तसा बारीक होत होत दिसेनासा झाला. किती वेळ गेला असेल, सांगता येत नाही. मला आठवतो तो रंग केशरी, थोडा काळपट. तिने नंतर त्या रंगाला काहीतरी नाव दिलं होतं, सगळ्यांना ती तेच सांगायची, पण ते काय होतं ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. मी तेव्हा ऐकणं बंद केलेलं होतं.

भानावर आलो तेव्हा माझ्या हातातली दोन टोकं सुटलेली होती आणि धुतलेली चादर गच्चीच्या धुळीत पडली होती.

"बघितलंत ना?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "चल खाली."

दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारीणबाई जिन्यात भेटल्या. "काय हो वहिनी, धुतलेली चादर मळवून आणलीत?" बायकोने एका दमात सगळं सांगितलं. शेजारीणबाईंनी डोळे मोठे केले आणि माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही तर यातलेच. काय होतं ते?"

येत्या रविवारी माझं भाषण होतं. वाचनालयाच्या फळ्यावर माझं नाव आणि विषय रंगीत खडूने लिहिलेला होता, आणि विषय तोच. मी हसलो. म्हणालो, "विमान असेल हो. हिला चष्मा बदलून घ्यायला हवा."

एवढंच घडलं. पुढचं सगळं त्यातून वाढत गेलं.

घरात आल्यावर ती म्हणाली, "असं का सांगितलंत?"

"कारण ते काय होतं हे आपल्याला माहीत नाही."

"मग तेच सांगायचं ना. दोघांना दिसलं, काय होतं ते माहीत नाही."

तिने पिवळी चिठ्ठी कधी बघितली नव्हती, पण ती हेच मागत होती. मी ते दिलं नाही. मी म्हणालो, "मी काही बघितलं नाही. तू ओरडलीस म्हणून मी दचकलो आणि चादर सुटली."

"मी ओरडले नव्हते," ती म्हणाली, आणि चादर बादलीत भिजत घातली.

रविवारी ती भाषणाला आली. नेहमी यायची, मागे बायकांच्या रांगेत बसायची. शेवटी प्रश्न सुरू झाले तेव्हा एक जण म्हणाला, "सर, तबकडी तुमच्याच घरी आली म्हणे!" खोलीत हशा झाला. मी हात वर करून हसू थांबवलं आणि म्हणालो, "बाहेरच्यांना समजावणं सोपं आहे हो. घरच्यांना समजावणं अवघड." टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेकडे बघितलं नाही.

त्यानंतर तिला नावच पडलं, तबकडीवाल्या काकू. मुलं जिन्यात तिच्यामागे तोंडाने सूं असा आवाज काढायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीने सगळ्यांदेखत विचारलं, "यंदाचं वाण वरून मागवलंत का?" बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. बायकोला वाद घालायची सवय नव्हती, पण या एका गोष्टीवर ती प्रत्येकाशी वाद घालायची, आणि दर वेळी शेवटी म्हणायची, "यांना विचारा. हे होते माझ्यासोबत." मग लोक मला विचारायचे. मी हसायचो, कधी खांदे उडवायचो. हळूहळू तिची झोप गेली. संध्याकाळ झाली की गच्चीवर जाऊन उभी राहायची. घरात रडायची. तिच्या भावाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "दाजी, तिला कोणाला तरी दाखवा."

मी तिला उल्हासनगरच्या एका मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. डॉक्टर चांगले होते, त्यांचा यात काही दोष नाही. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "तुम्हीही तिथे होतात ना? तुम्हाला काही दिसलं?"

ती माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, त्या क्षणी मी काय सांगेन याबद्दल तिला अजून खात्री नव्हती. इतकं होऊनही तिला वाटत होतं की डॉक्टरांसमोर तरी मी खरं सांगेन.

मी म्हणालो, "नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. त्यांच्याजागी कोणीही तेच केलं असतं. एक माणूस म्हणतो दिसलं, शेजारी उभा असलेला म्हणतो काही नव्हतं, आणि तो दुसरा माणूस शिकलेला, शांत, इस्त्रीचा शर्ट घातलेला.

गोळ्या मीच द्यायचो. जेवण झालं की पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन तिच्यासमोर उभा राहायचो, तिने गिळली की नाही ते बघायचो. ती लवकर झोपून जायची. आणि मग मी गच्चीवर जायचो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ती गोळीने झोपलेली असायची आणि मी वर एकटा मलंगगडाकडे तोंड करून उभा असायचो. ते पुन्हा दिसलं असतं तर तिला हलवून उठवलं असतं, असं स्वतःला सांगायचो. पेपरात शोधायचो. ओळखीच्यांना आडून आडून विचारायचो, त्या दिवसांत तिकडे कोणी फुगा वगैरे सोडला होता का, डोंगरावर कसली लाइटिंग होती का. कुठून काही कळलं नाही. ते पुन्हा कधी दिसलंही नाही.

साधारण वर्षभराने गोळ्या थांबल्या. ती बरी झाली असं सगळे म्हणाले. ती आता तबकडीचं नाव काढत नव्हती, वाद घालत नव्हती. फक्त ब्लाउज शिवताना मला हाक मारायची. "शिवण सरळ आहे ना हो?" मी म्हणायचो, सरळ आहे. थोड्या वेळाने पुन्हा हाक. गिऱ्हाइकाचं माप घेतलं की टेप तशीच धरून ठेवायची आणि मला आकडा वाचायला लावायची. बायकांना ते आवडणं शक्य नव्हतं. काम कमी होत गेलं आणि एक दिवस तिने मशीनवर जुनी चादर टाकून ठेवली. त्यानंतर गॅस बंद आहे ना, दार लावलंय ना, आज गुरुवार ना. कितीतरी वर्षं मी दिवसातून कितीतरी वेळा तिला हो म्हणत आलो आहे. ज्या वेळी म्हणायला हवं होतं त्या एका वेळेचं ते भरून निघत नाही.

आता आम्ही बदलापूरला मुलाकडे असतो. उंच बिल्डिंग आहे, खाली बाग आहे, सगळं बरं आहे. मध्यंतरी एका संध्याकाळी बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकदम गडबड उडाली. आकाशातून दिव्यांची एक लांब माळ ओळीने चालली होती. सगळे बाल्कनीत आले. कोणी ओरडत होतं, "एलियन आले रे, पार्किंग दाखवा त्यांना!" वरच्या मजल्यावरून उत्तर आलं, "व्हिजिटर पार्किंग भरलंय, सेक्रेटरींना फोन करा!" मुलाने आम्हाला समजावून सांगितलं की हे उपग्रह आहेत, एकाच वेळी पुष्कळ सोडतात, सुरुवातीला असे रांगेत दिसतात. माझ्या जुन्या भाषणात हे छान बसलं असतं, एवढं मनात आलं. पण आमच्या वेळी आकाशात असलं काही नव्हतं, तेव्हा त्या संध्याकाळचा उलगडा याने होत नाही.

बायको हॉलमध्ये बसून मेथी निवडत होती. सून बाल्कनीतून म्हणाली, "आई, या ना बघायला! किती छान दिसतंय."

ती मान वर न करता म्हणाली, "नको गं. मला असलं काहीबाही दिसत असतं. तुम्ही बघा."

सगळं आकाश बघत होते. मी तिच्याकडे बघत होतो. ती काड्या एका बाजूला आणि पानं एका बाजूला ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी तिला सांगितलं. "अंबरनाथला गच्चीवर तुला जे दिसलं होतं ते मलाही दिसलं होतं. लांबट केशरी उजेड. टाकीजवळ येऊन थांबला होता. तू ओरडली नव्हतीस. चादर माझ्या हातून सुटली."

इतक्या वर्षांत मी या क्षणाची अनेक चित्रं मनात रंगवली होती. ती रडेल, चिडेल, बोलणं टाकेल. यातलं काही झालं नाही. ती म्हणाली, "अहो, तो माझा आजार होता. डॉक्टरांनी बरं केलं नाही का?"

"डॉक्टरांना मी खोटं सांगितलं."

"तुम्ही कशाला खोटं सांगाल?" तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "काल रात्री झोप लागली नाही का तुम्हाला?"

मी पुन्हा सांगितलं, जिन्यातलं, भाषणातलं, गच्चीवर एकटा जायचो ते. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला दिसलं असेल. मला नाही काही दिसलं." आणि चहा टाकायला उठली.

मी तिचं तिला परत द्यायला गेलो होतो आणि ते ठेवायला तिच्याजवळ जागाच उरली नव्हती.

संध्याकाळी तिने मुलाला सांगितलं. तो माझ्या शेजारी येऊन बसला. "बाबा, तुम्ही आयुष्यभर लोकांना सांगत आलात, असलं काही नसतं. आणि आता एकदम?"

"कोणी आलं होतं असं मी आजही म्हणत नाही. दिसलं होतं एवढंच म्हणतोय."

"इतक्या वर्षांनी?"

"आधीच सांगायला हवं होतं."

तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मला ओळखीची होती. मी ती पूर्वी वापरलेली होती. तो मऊ आवाजात म्हणाला, "एकदा दाखवून घेऊ. रुटीन म्हणून."

खरं सांगायचं तर माझं मत बदललेलं नाही. दूर कुठेतरी कोणी असेलच, आणि ते इथे येत असतील असं मला वाटत नाही. त्या संध्याकाळी काय होतं, मला माहीत नाही. ढगावर कसला उजेड पडला असेल, हवेचा काही प्रकार असेल. दुसऱ्या ग्रहावरून आलेला कोणी असेल, ही शक्यताही शून्य म्हणता येणार नाही, पण त्याला मी हिरवी चिठ्ठी लावणार नाही. या प्रश्नावर मी इतकी भाषणं केली आणि त्याचं उत्तर मला सापडलं नाही, याचं दुःख नाही. असले प्रश्न रॅकवर पडून राहिले तरी कोणाचं काही बिघडत नाही. माझ्या हातून बिघडलं ते निराळंच आहे. आकाशातल्या वस्तूला लावायची चिठ्ठी मी माझ्या बायकोला लावली, आणि तीही लाल.

बदलापूरच्या डॉक्टर तरुण होत्या, आजोबा आजोबा करत बोलणाऱ्या. त्यांनी मला वार विचारला, तीन वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली, कागदावर घड्याळ काढायला लावलं. मी सगळं केलं. मग त्या बायकोकडे वळल्या. "आजी, आजोबा म्हणतात त्या वेळी तुम्ही तिथे होतात ना? तुम्हाला काही दिसलं होतं?"

मी बायकोकडे बघितलं. ती पर्स मांडीवर धरून बसली होती.

"नाही," ती म्हणाली. "काही नव्हतं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. आपण सांगतोय ते खरं आहे हे आपल्याला माहीत आहे, आणि खोलीतल्या सगळ्यांनी ते खोटं धरून टाकलं आहे. तिने यात किती वर्षं काढली असतील. मला पाच मिनिटंही सोसवेना. वाद घातला तर तोही आजारातच धरला जातो, हे मी जवळून बघितलेलं आहे. रात्री घ्यायची अर्धी गोळी मिळाली. "काळजीसारखं काही नाही," डॉक्टर मुलाला म्हणाल्या, "या वयात जुन्या गोष्टी मिसळतात."

ती गोळी आता बायको मला देते. पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते.

मागच्या आठवड्यात एका दुपारी ती बाल्कनीतल्या स्टँडवरचे कपडे काढत होती. इथे गच्चीला सोसायटीचं कुलूप असतं. मोठी चादर निघाली तशी तिने हाक मारली, मी उठून दोन टोकं धरली. हॉलमध्ये जागा कमी, सोफा आणि टीव्हीच्या मध्ये आम्ही ती ताणली, झटकली. मी पुढे निघालो. ती जागची हलली नाही.

"केशरी नव्हता," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"उजेड. तुम्ही परवा केशरी म्हणालात, आणि त्या डॉक्टरीणबाईंनाही केशरीच सांगितलंत. केशरी नव्हता. ताकाचा रंग होता. पाणी जास्त झालेल्या ताकाचा, निळसर."

ती माझ्याकडे बघत होती, पण विचारत नव्हती. ताकाचा ना हो, असं ती म्हणाली नाही. मी चादरीची टोकं तशीच धरून उभा राहिलो. मग म्हणालो, "तुला आठवतं सगळं?"

"न आठवायला काय झालं?"

"मग त्यांना नाही का म्हणालीस?"

"मला परत गोळ्या नकोत." तिने साधेपणाने सांगितलं, भाजी नको म्हणावं तसं. "तुम्हाला अर्धीच दिलीय. मला पूर्ण होती. तोंड कोरडं पडायचं, दिवसभर जीभ टाळ्याला चिकटलेली. तुम्हाला काय माहीत."

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

"हो, तुमच्यामुळे," ती म्हणाली. "या पुढे. हात दुखतायत माझे."

मी पुढे गेलो, तिच्या टोकांना माझी टोकं लावली. तिने घडी हातातून काढून घेतली आणि सोफ्यावर ठेवली. मी तिला म्हटलं की मला हे सगळं लिहून काढायचं आहे, जसं झालं तसं, माझं खोटं बोलणं धरून. मुलाला वाचायला देईन, मंडळातले जे दोघं-तिघं उरलेत त्यांनाही देईन.

ती उशांचे अभ्रे घडी करत होती. हातातला अभ्रा तिने घडीवर ठेवला. मग म्हणाली, "लिहा. पण नावं घालू नका. सुनेला या बिल्डिंगमध्ये राहायचंय."

"नाही घालत."

"आणि रंग नीट लिहा," ती म्हणाली. "नाहीतर पुन्हा केशरी लिहाल."

ताकाचा होता. पाणी जास्त झालेल्या ताकाचा, निळसर.